वाइस घट्ट होता

पुस्तकात त्याला ‘शेगडा’ म्हणतात. हा शब्द ज्या विद्वानाने काढला त्याने जन्मात कधी हात काळे केले नसणार. कारखान्यात कुणी ‘जरा शेगडा आवळा’ म्हणालं असतं तर लोक स्वयंपाकघरातली शेगडी शोधायला निघाले असते. आम्ही वाइस म्हणायचो. दोन लोखंडी जबडे, मध्ये स्क्रू. हँडल फिरवलं की जबडे मिटतात आणि काम धरून ठेवतात. मिलिंग मशीनवर हा वाइस टेबलाला बोल्टांनी बांधायचा, त्याच्या जबड्यात लोखंडाचा ठोकळा धरायचा आणि वर फिरणाऱ्या कटरखालून टेबल हळूहळू सरकवत न्यायचं. कटर ठोकळ्याचा माथा सपाट करत जातो. एवढंच काम. पण वाइस टेबलावर नीट बसला नसेल तर पुढचं सगळं मुसळ केरात.

हे मला आईच्या पोटातून बाहेर पडतानाच माहीत होतं, अशी माझी समजूत होती. मी धुळ्याचा, देवपूरचा. आयटीआयचं सर्टिफिकेट, त्यावर पाच वर्षं धुळ्यातल्या एका वर्कशॉपमध्ये काम, आणि स्वतःच्या मालकीचा डायल. डायल म्हणजे घड्याळासारखं मापाचं यंत्र. केसाएवढा फरक असला तरी त्याची सुई हलते. फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळून लाकडी डबीत ठेवलेला तो डायल मी लेकरासारखा सांभाळायचो. एकोणीसशे सत्तरच्या आगेमागे जळगावच्या एका शेठने मला बोलावून घेतलं, तेव्हा एका हातात ट्रंक आणि दुसऱ्या हातात ती डबी, असा मी स्टेशनवर उतरलो. वय सव्वीस आणि अक्कल सगळ्या खानदेशाला वाटून उरेल एवढी.

शेठचं घराणं भुसार मालाचं. त्यांना वाटलं, जिनिंगवाल्यांना आणि तेलाच्या घाण्यांना सुटे भाग लागतातच, तर आपणच का करू नयेत? म्हणून तीन लेथ, एक ड्रिल आणि एक मिलिंग मशीन घेऊन पत्र्याच्या शेडमध्ये कारखाना काढला. माणूस वाईट नव्हता. पण यंत्राकडे तो तुरीच्या पोत्याकडे पाहावं तसा पाहायचा: ठेवलं की राहतं, उचललं की जातं. आणि त्याच्या तोंडात सदानकदा दोनच शब्द. ‘चाली जाई.’ म्हणजे चालून जाईल. पट्टा तुटायला आलाय, चाली जाई. कटरचा एक दात उडालाय, चाली जाई. तेल संपलंय, उद्यापर्यंत चाली जाई. बरं, शेठचं एक ठीक, मालकच तो. पण शेडमधला बठ्ठा, म्हणजे सगळा, गावच हा मंत्र जपायचा. लेथवाला तर पान्याऐवजी हातोड्याने नट फिरवायचा आणि वर मान करून म्हणायचा, ‘चाली जाई ना, भाऊ!’ मला या दोन शब्दांची इतकी शिसारी आली की कुणी ते उच्चारले की मी उघड उघड जमिनीवर थुंकायचो.

मिलिंग मशीनवर माझ्याआधीपासून एक म्हातारे होते. सगळे त्यांना नाना म्हणत, मीही म्हणू लागलो. मशीन ज्या दिवशी मालगाडीतून उतरलं त्या दिवसापासून नानाच त्यावर. आता त्यांचे डोळे अधू झाले होते. मायक्रोमीटरवरच्या रेघा दिसत नसत, म्हणून तर शेठने मला आणलं होतं. ठरलं असं की वाइस बांधायचा, मापं घ्यायची ते मी. आणि एकदा सगळं लावून दिलं की मशीन चालवायचं ते नानांनी. शेठ मला बाजूला घेऊन म्हणाले होते, ‘भाऊ, म्हाताऱ्याला किती दिवस ठेवायचं ते तुम्ही बघून सांगा. एखादा लॉट बिघडला की मी त्यांना घरी बसवणार.’

नानांनाही हे ठाऊक होतं. मी आल्यावर दुसऱ्याच दिवशी, डबा खाताना त्यांनी सरळ विषय काढला.

‘शेठ तुले सांगस, नानाले घर बसाडो. खरं ना?’

मी ‘छे छे’ केलं.

‘घर कोणी नही, भाऊ. बाई गई. पोऱ्या सुरतले. घर बसीसन काय करू? भिंती मोजू?’ एवढं बोलून त्यांनी कळण्याच्या भाकरीचा अर्धा तुकडा माझ्या डब्यात टाकला. मी खाल्ला. छान होता.

पण कामाच्या बाबतीत मला नानांची मनापासून कीव यायची. त्यांनी वाइस बांधला होता दोन बोल्टांवर. दोन! टेबलाला लांबलचक खाचा असतात, त्यात बोल्टाचं डोकं सरकवायचं आणि वरून नट आवळायचा. त्या खाचेसाठी खास डोक्याचे बोल्ट मिळतात. नानांचे बोल्ट होते बैलगाडीचे, डोकं कानशीने घासून खाचेत बसवलेले. मी पाहिलं आणि कपाळावर हात मारला. चार खास बोल्ट आणून द्या म्हणून शेठकडे गेलो. उत्तर काय असणार? ‘दोन आहेत ना? चाली जाई.’ मी तिथल्या तिथे सुनावलं, ‘शेठ, धुळ्यात असल्या बोल्टांवर म्हशीसुद्धा बांधत नाहीत.’ शेवटी मी स्वतःच लेथवर आणि मिलिंगवर चार बोल्ट बनवले, चार वॉशर बनवले, आणि पान्याला घालायला दीड हात लांबीची लोखंडी नळी कापून घेतली. नळी लावून आवळलं की वाइस टेबलाचा भाग होऊन जायचा. शेडमधल्या एकेकाला हात धरून आणायचो आणि म्हणायचो, हलवून दाखव. कुणाला हलत नसे.

नानांचे ते गाडीचे दोन बोल्ट मी भंगारात फेकले. त्या बोल्टांवर नानांनी केलेला एकही नग कधी परत आला नव्हता. हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारायला जातो कशाला?

नानांची आणखी एक खोड होती, तिची तर मी नक्कल करून दाखवायचो. कधी स्वतः वाइस चढवायची वेळ आली की त्याआधी ते उघड्या टेबलावरून तळहात फिरवायचे. वेस्टने, म्हणजे सुताच्या गुंत्याने, टेबल पुसून झाल्यावर, पुन्हा, कोरड्या हाताने, या कडेपासून त्या कडेपर्यंत, डोळे मिटून. मग वाइस आडवा करून त्याच्या खालच्या बाजूवरून तसाच हात. आणि शेवटी तो हात कपाळाला लावायचे. त्या कपाळाला लावण्यावरच मी घसरलो. म्हटलं, झालं! हा म्हातारा लोखंडाच्या पाया पडतोय. लेथवाल्यासमोर मी डोळे मिटून, ड्रिल मशीनला प्रदक्षिणा घालून नानांची नक्कल केली, तेव्हा शेड हसून हसून लोळली. नानाही हसले.

एकदा मात्र त्यांनी मला सांगून पाहिलं. मी वाइस चढवत होतो, ते म्हणाले, ‘हात फिरव, भाऊ. डोयाले जे दिसस नही ते हातले दिसस.’

मी म्हटलं, ‘नाना, माझ्याकडे डायल आहे. तुमचा हात तुम्ही आरतीला वापरा.’

हे वाक्य मी बोललो. आज लिहिताना सुद्धा वाटतं, त्या सव्वीस वर्षांच्या दीडशहाण्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावी.

मग खंडेनवमी आली. शस्त्रांची पूजा, आमची शस्त्रं म्हणजे ही यंत्रं. त्या दिवशी शेठच्या अंगात जो उत्साह संचारायचा त्याच्या चवन्नीएवढा जरी एरवी असता तर कारखाना मुंबईपर्यंत गाजला असता. ज्या मशीनला वर्षभर तेलाचा थेंब मागितला तर कां-कूं, त्या मशीनला रॉकेलने न्हाऊमाखू. झेंडूच्या माळा. आंब्याची पानं. वाइस खाली उतरवून पाटावर ठेवला, कारण टेबल उघडं हवं, त्यावर पूजा मांडायची. शेठच्या आई, त्यांना सगळे आक्का म्हणत, स्वतः येऊन हळदकुंकू वाहायच्या. कुंकू पाण्यात कालवून बोटांनी टेबलावर पाच ठिपके, त्यावर तांदळाच्या अक्षता, मग नारळ. नारळ कुठे फोडला असेल? माझ्या मशीनच्या पायावर! पाणी उडालं ते टेबलाच्या खाचांत. मी हाताची घडी घालून कोपऱ्यात उभा राहिलो आणि लेथवाल्याच्या कानात म्हटलं, ‘पूजेच्या खर्चात चार कटर आले असते.’ निघताना आक्कांनी बजावलं, ‘कुंकू पुसू नका रे कोणी. आपोआप जाऊ द्या.’

नवमीला यंत्रं बंद, दसऱ्याला बंद. तिसऱ्या दिवशी सकाळी शेठ धावत आले. जामनेरकडच्या एका जिनिंगचं काम होतं, चोवीस ठोकळे, रुईच्या रोलरच्या बेअरिंगखाली बसवायचे. कापसाचा हंगाम तोंडावर, गाड्या लागायच्या आत जिनिंग सुरू व्हायला हवी. ठोकळे सगळे एका जाडीचे आणि सपाट हवेत, नाहीतर वरचा दांडा अडकणार. जाता जाता शेठ मला हळूच म्हणाले, ‘हे नानांकडून करून घ्या. या लॉटवर कळेलच काय ते.’ हळूच म्हणजे शेडभर ऐकू जाईल इतकं हळू. नाना पलीकडे माळा उतरवत होते.

मी चिडलेलोच होतो. दोन दिवस फुकट गेले, टेबलावर वाळलेली फुलं, खाचांत खोबरं, आणि आता घाई. वेस्टचा बोळा घेतला, फराफरा टेबल पुसलं, फुलं उडवली, अक्षता झटकल्या. मागच्या कडेला कुंकवाचे दोन लाल डाग राहिले. मी पाहिले. मनात म्हटलं, राहू दे, आक्कांचा मान. डागाला काय जाडी असते, डोंबल? मग लेथवाल्याला हाताशी घेऊन वाइस उचलला आणि ठेवला.

नाना जवळ आले. ‘हात फिरवा का, भाऊ?’ म्हणजे फिरवलास का.

मी त्यांच्याकडे न बघता दोन्ही हात जोडले आणि वाइसला मोठ्ठा नमस्कार घातला. लेथवाला फिसकन हसला. नाना परत माळा उतरवायला गेले.

वाइस किंचित डुगडुगला होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पहिला नट लावताना तो बोटाखाली जरासा डुलला, मला स्पष्ट जाणवलं. शहाण्या माणसाने तिथेच थांबून वाइस उचलून खाली बघितलं असतं. मी काय केलं? पान्याला नळी घातली. समोरासमोरचे नट थोडे थोडे करून, अगदी पुस्तकात सांगितलंय तसे, चारही बोल्ट आवळले, आणि नळीवर अंगाचा भार टाकला. डुलायचा थांबला. मग डायल काढून मागच्या जबड्यावर लावला, टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. सुई जागची हलली नाही. जबडा सरळ आहे एवढंच त्याने कळतं. वाइसचा तळ टेबलाला समांतर आहे की नाही, ते बघायला डायल दोन जबड्यांच्या मधल्या तळावर लावावा लागतो. ते मी केलं नाही. चार बोल्ट होते ना!

पहिला ठोकळा निघाला. मी मायक्रोमीटर लावला, पुढच्या कडेला, हात सहज पोचतो तिथे. माप बरोबर. नानांना म्हटलं, ‘चालवा.’

नानांनी दोन दिवसांत चोवीस ठोकळे काढले. इतकं मन लावून काम करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दर ठोकळ्याला ब्रशने कीस झाडायचे, ठोकळा धरायचे, कान देऊन कटरचा आवाज ऐकायचे. शेवटचा ठोकळा खाली ठेवला तेव्हा धोतराच्या सोग्याने घाम पुसून ते मला म्हणाले, ‘बठ्ठा बरोबर शेतस ना, भाऊ?’ मी पाच-सहा उचलून पुढच्या कडेला मोजले आणि म्हटलं, ‘नाना, एक नंबर.’ त्यांचा चेहरा असा फुलला की बस.

आठवडा झाला नाही तोच ठोकळे बैलगाडीतून परत आले. जिनिंगचा माणूस मागोमाग, तोंडाचा पट्टा सुरू. त्याने एक ठोकळा मशीनच्या टेबलावर आदळला, शेजारी दुसरा उलटा करून ठेवला, वर फूटपट्टी आडवी धरली आणि शेठला म्हणाला, ‘बघा! खालून उजेड दिसतोय!’ दिसत होता. प्रत्येक ठोकळा एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक, नवशिक्या सुनेच्या भाकरीसारखा. चोवीसच्या चोवीस.

शेठ नानांकडे वळले. ‘झालं समाधान? डोळे गेले तुमचे, नाना. किती दिवस सांभाळून घ्यायचं मी?’

नानांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने वगैरे नाही. आपल्या बाजूने कुणी दोन शब्द बोलेल, असं वाटतं तेव्हा माणूस पाहतो ना, तसं. सगळी शेड माझ्याकडे बघत होती. मी डायलची डबी हातात धरून उभा होतो. मी म्हणालो, ‘वाइस घट्ट होता, शेठ. चार बोल्ट होते. मी डायल लावून पाहिला होता.’

तिन्ही वाक्यं खरी. एकही शब्द खोटा नाही. आणि त्या तीन खऱ्या वाक्यांनी नाना घरी गेले.

शेठ ऑफिसात गेले, जिनिंगवाला त्यांच्या मागे गेला, लोक आपापल्या मशीनवर पांगले. नाना पान्याकडे वळले. चारही नट त्यांनी सोडले, माझी नळी वापरून. मग मला म्हणाले, ‘हात लाव, भाऊ.’ आम्ही दोघांनी वाइस उचलून बाजूला ठेवला. नानांनी डोळे मिटले आणि उघड्या टेबलावरून तळहात फिरवला. मागच्या कडेजवळ हात थांबला. अंगठ्याच्या नखाने त्यांनी काहीतरी खरवडलं. लाल चपटी पापडी होती ती. तीन-चार अक्षता, ओल्या कुंकवात एकमेकांना चिकटून वाळलेल्या, आणि वाइसखाली दाबून दाबून लोखंडासारख्या झालेल्या. दोन पोस्टकार्डांएवढी जाडी. जितका मी आवळला तितका तो वाइस वाकडा पक्का झाला होता.

नानांनी ती पापडी माझ्या तळहातावर ठेवली. ‘देवनं शे,’ ते म्हणाले. ‘पायमा येवाले नको.’ मग टेबलावर फिरवलेला तो हात नेहमीसारखा कपाळाला लावला, खुंटीवरची डब्याची पिशवी काढली आणि निघाले. ऑफिस तिथून पंधरा पावलांवर होतं. त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. मीही गेलो नाही. पापडी डायलच्या डबीत टाकली आणि झाकण लावलं.

नानांचं घर माझ्या येण्याजाण्याच्या वाटेवर. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओट्यावर बसलेले लांबून दिसले, मांडीवर हात ठेवून, समोरच्या भिंतीकडे बघत. मी सायकल वळवली आणि मागच्या गल्लीने, गटारं तुडवत कारखान्यात गेलो. तिसऱ्या दिवशी त्याच गल्लीने. सगळ्या शेडला भित्रट, कामचोर, अडाणी म्हणणारा मी, एका म्हाताऱ्याच्या ओट्यावरून जायची माझी छाती होईना.

चौथ्या दिवशी मी ऑफिसात गेलो. डबी उघडून पापडी शेठच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. वाइस मी बसवला. डाग दिसले, पुसले नाहीत. वाइस डुलला, तरी आवळला. माप एकाच कडेला घेतलं. नाना हात फिरवायला सांगत होते, त्यांची मी टवाळी केली. त्यांची काडीचीही चूक नाही.

शेठनी पापडी उचलून उजेडात धरली. ‘अरे, ही तर अक्षत शे,’ म्हणाले. भक्तिभावाने कपाळाला लावली आणि भिंतीवरच्या गणपतीच्या तसबिरीपुढे ठेवली. मग माझ्याकडे वळून, अगदी मायेने म्हणाले, ‘जाऊ द्या हो, भाऊ. नानांना आज ना उद्या घरी बसायचंच होतं. तुम्ही आहात ना? ठोकळे नवे करून टाका. चाली जाई.’

ज्या दोन शब्दांवर मी आल्या दिवसापासून थुंकत होतो ते हेच. त्या वेळी टेबलावर हात आपटून म्हणायला हवं होतं, नाही चालणार! आत्ताच्या आत्ता माणूस पाठवा आणि नानांना बोलवा, नाहीतर ही माझी डबी आणि ही माझी ट्रंक, मी चाललो धुळ्याला. शब्द तोंडापर्यंत आले होते असंही म्हणणार नाही. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. मी मान हलवली, बाहेर आलो, टेबल पुसलं, डोळे मिटून त्यावरून तळहात फिरवला. वाइस चढवला, चारही बोल्ट आवळले आणि मशीन सुरू केलं.

चाललं.